सदर बाजारातील शेवटचे शंभर मीटर : दूरसंचार व संगणक-जाळ्यातील संज्ञांचा परिचय

छत्तीसगडची राजधानी असलेल्या रायपूर शहरात सदर बाजार ही सराफांची जुनी पेठ आहे. सातारा व जालना येथेही याच नावाची वस्ती आहे, आणि नागपुरात नुसते ‘सदर’ म्हटले तरी भागते. त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. शिवाय १९५६ पर्यंत रायपूर हे नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच मोडत होते.

समजा, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी या पेठेतील एखाद्या सराफी पेढीवर गिऱ्हाईकाने क्यूआर कोड स्कॅन करून पैसे पाठवले. परंतु गल्ल्यावरचा साउंडबॉक्स मुकाच राहिला. त्याच वेळी दुसऱ्या गिऱ्हाईकाला दागिन्यावरील सहा अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक मोबाइलवर तपासून पाहायचा आहे आणि तोही उघडत नाही. हॉलमार्क असलेल्या सोन्याच्या दागिन्यांची विक्री १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय करता येत नाही. पेढीचा मालक म्हणतो, “नेट गेले.” हे दोन शब्द किमान चार वेगवेगळ्या बिघाडांसाठी वापरले जातात. प्रत्येक बिघाडाची जागा वेगळी, जबाबदार यंत्रणा वेगळी आणि उपायही वेगळा. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला ज्या संज्ञा सुट्यासुट्या पाठ कराव्या लागतात, त्या या पेढीपासून बाहेरच्या दिशेने चालत गेल्यास एकमेकींशी जोडलेल्या दिसतात. प्रस्तुत लेखात हाच मार्ग अवलंबला आहे.

बिट, बाइट आणि दोन प्रकारचा वेग

संगणकातील माहितीचा सर्वांत लहान घटक म्हणजे बिट. त्याचे मूल्य शून्य किंवा एक असते. आठ बिट मिळून एक बाइट होतो. फाइलचा आकार बाइटमध्ये सांगण्याची आणि जोडणीचा वेग बिटमध्ये सांगण्याची प्रथा आहे. परीक्षार्थींची आणि ग्राहकांचीही सर्वाधिक फसगत येथेच होते. ‘शंभर एमबीपीएस’ म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट, म्हणजेच साडेबारा मेगाबाइट. दहा मेगाबाइटची एक फाइल या जोडणीवर, सर्व काही आदर्श असल्यास, ०.८ सेकंदात उतरते. टेलिफोनच्या तारेवरून ५६ केबीपीएस वेगाने चालणाऱ्या डायल-अप मोडेमला त्याच फाइलसाठी सुमारे चोवीस मिनिटे लागत. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा डायल-अप हाच मार्ग होता.

एका सेकंदात वाहून नेता येणाऱ्या बिटांच्या संख्येला व्यवहारात बँडविड्थ म्हणतात. ही वाहिनीची रुंदी होय. एखादा संदेश पाठवल्यापासून उत्तर येईपर्यंतच्या विलंबाला लेटन्सी म्हणतात. तो मुख्यतः अंतरावर आणि वाटेतील थांब्यांवर अवलंबून असतो. काचेच्या तंतूमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. रायपूर ते मुंबई हे लोहमार्गाचे अंतर सुमारे अकराशे किलोमीटर धरले, तर जाऊन येण्यास नुसत्या प्रकाशालाच सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. कितीही महागडी योजना घेतली तरी यात कपात होणार नाही. सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रहामार्फत प्रश्न व उत्तर यांना मिळून जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. क्यूआरचा व्यवहार हा अत्यल्प माहितीचा असतो. त्याला रुंद वाहिनी लागत नाही, अखंड वाहिनी लागते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरेल.

‘ब्रॉडबँड’ या शब्दाला भारतात प्रशासकीय व्याख्या आहे आणि ती बदलत गेली आहे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणानुसार किमान वेग २५६ केबीपीएस होता. २०१३ मध्ये तो ५१२ केबीपीएस आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस करण्यात आला. त्यामुळे २०१० मधील आणि आजची ब्रॉडबँड ग्राहकसंख्या शेजारी मांडताना सावधगिरी बाळगावी लागते. मोजपट्टीच बदललेली असते.

पेढीच्या आत

पेढीतील बिलाचा संगणक, मुद्रक, कॅमेरे आणि मालकाच्या टेबलावरचा संगणक यांना जोडणारे छोटे जाळे म्हणजे लॅन, अर्थात स्थानिक क्षेत्र जाळे. शहरे व देश यांना जोडणाऱ्या विस्तीर्ण जाळ्याला वॅन म्हणतात. लॅनमध्ये बहुधा ईथरनेट ही पद्धत वापरतात; तिचा उगम १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात झाला.

भिंतीवरून गेलेली निळी किंवा करडी केबल ही यूटीपी प्रकारची असते. तिच्यात तांब्याच्या बारीक तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीला पीळ दिलेला असतो. हा पीळ मजबुतीसाठी नसतो. शेजारून विजेची तार गेली असेल, तर तिचा उपद्रव जोडीतील दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच होतो आणि दोहोंतील फरक मोजणाऱ्या यंत्राला तो वजा करता येतो. पिळामुळे दोन्ही तारा आळीपाळीने उपद्रवाच्या जवळ येतात. चारही जोड्यांचा पीळ कमी-अधिक ठेवतात, तो एकमेकींची कुजबुज एकमेकींत मिसळू नये म्हणून. टोकाला आठ पिनांचा, आरजे-४५ नावाने परिचित असलेला जोड असतो.

केबलवर ‘कॅट ५-ई’, ‘कॅट ६’ असे छापलेले असते. पहिली शंभर मीटरपर्यंत १ जीबीपीएस वाहते. दुसरी सुमारे ५५ मीटरपर्यंत १० जीबीपीएस आणि शंभर मीटरपर्यंत १ जीबीपीएस. शंभर मीटर ही मर्यादा सर्वत्र भेटते, म्हणून ती लक्षात ठेवावी. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबलही स्वस्तात मिळते. सराफाला मुलाम्याचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागू नये. पण केबल घेताना तोच सराफ फसतो. अशा तारेचा विद्युतरोध जास्त असतो, आणि ज्या कॅमेऱ्यांना याच केबलमधून वीजही पुरवली जाते, म्हणजे जे पीओई पद्धतीचे असतात, ते दूरच्या टोकाला बंद पडतात किंवा केबल तापते.

या केबली ज्या पेटीत एकत्र येतात, तो स्विच. पूर्वीच्या काळी तेथे हब असे. हब हा आलेला संदेश सर्वांना ऐकवी. स्विच प्रत्येक यंत्राचा ४८ बिटांचा मॅक पत्ता लक्षात ठेवून ज्याचा संदेश त्यालाच देतो. राउटरचे काम यापेक्षा निराळे आहे. तो दोन जाळ्यांच्या वेशीवर उभा असतो आणि कोणते पाकीट आतले, कोणते बाहेरचे, बाहेरचे असल्यास कोणत्या वाटेने पाठवायचे, हे ठरवतो. वाय-फाय ही केवळ या पेटीपासून उपकरणापर्यंतची बिनतारी वाट आहे. मोबाइलवर वाय-फायची पूर्ण खूण दिसत असूनही इंटरनेट नसते, याचे कारण हेच : खूण पेढीच्या आतल्या वाटेची असते, बाहेरच्या वाटेची नव्हे.

पाकीट हा शब्द येथे मुद्दाम वापरला. इंटरनेटवर कोणताही संदेश अखंड जात नाही. त्याचे तुकडे करून प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता लिहिला जातो. हा पत्ता म्हणजे आयपी पत्ता. आयपीव्ही-४ मध्ये तो ३२ बिटांचा असल्याने एकूण सुमारे ४२९ कोटी पत्तेच संभवतात आणि ते जगाला अपुरे पडले. आयपीव्ही-६ मध्ये १२८ बिट असल्याने ही अडचण उरत नाही. मधल्या काळात जो तोडगा निघाला तो नॅट. एखाद्या मोठ्या वाड्याचा टपालाचा पत्ता एकच असतो आणि आत आल्यावर कोणते पत्र कोणत्या बिऱ्हाडाचे, हे वाड्यातील माणूस पाहतो. तसे राउटर एका सार्वजनिक पत्त्यामागे पेढीतील सर्व यंत्रे सांभाळतो. आतील पत्ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. पाकिटे हरवल्यास पुन्हा मागवणे आणि क्रमाने लावणे हे टीसीपीचे काम. नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी सूची म्हणजे डीएनएस. ती सूची उत्तर देईनाशी झाली की तार शाबूत, वेग शाबूत, तरीही एकही संकेतस्थळ उघडत नाही. इंटरनेट हे जाळे आहे आणि वेब ही त्या जाळ्यावरील एक सेवा आहे, हा भेदही येथेच नोंदवून ठेवावा.

उंबऱ्याबाहेर : तांबे आणि काच

पेढीच्या उंबऱ्यापासून सेवा देणाऱ्याच्या पहिल्या केंद्रापर्यंतच्या पट्ट्याला दूरसंचाराच्या भाषेत लास्ट माइल, म्हणजे अखेरचा टप्पा म्हणतात. टेलिफोनच्या काळात तो लोकल लूप या नावाने ओळखला जाई : एक ग्राहक, तांब्याच्या दोन तारा. या तारा एक्स्चेंजमधील एमडीएफ नावाच्या मुख्य चौकटीतून निघत, रस्त्याकडेच्या पिलरमध्ये वाटल्या जात, तेथून भिंतीवरच्या डीपी पेटीत आणि डीपीतून घरात येत. एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्टचा पुरवठा येत असल्याने गावची वीज गेली तरी जुना टेलिफोन चालू राही.

मानवी आवाजासाठी या तारांवर सुमारे ३४०० हर्ट्झपर्यंतचाच पट्टा वापरला जात होता. वरचा पट्टा मोकळा पडलेला आहे, तर त्यातून माहिती का पाठवू नये, हा विचार म्हणजे डीएसएल. बीएसएनएलने २००५ मध्ये याच पद्धतीने ब्रॉडबँड सेवा सुरू केली. त्यातील एडीएसएल या प्रकारात उतरता वेग जास्त आणि चढता वेग कमी असतो. बातम्या वाचणाऱ्याला हे सोयीचे. परंतु सराफी पेढीवर आठ कॅमेरे आहेत आणि प्रत्येकाचे चित्रण, समजा, ४ एमबीपीएस वेगाने बाहेर साठवायचे आहे, तर ३२ एमबीपीएस चढता वेग लागतो. ग्राहकाने जोडणी घेताना हा दुसरा आकडा विचारला पाहिजे. डीएसएलची दुसरी मर्यादा अंतराची. एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरवर वेग फारच घटतो.

काचेच्या तंतूने ही मर्यादा ओलांडली. काच शुद्ध केल्यास तिच्यातून प्रकाश दूरवर नेता येईल, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. त्यासाठी २००९ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तंतूचा गाभा आणि त्याभोवतीचे आवरण यांच्या अपवर्तनांकात किंचित फरक असतो. त्यामुळे प्रकाश आतल्या आत पूर्णपणे परावर्तित होत पुढे जातो. दूरच्या अंतरासाठी वापरल्या जाणाऱ्या सिंगल-मोड तंतूचा गाभा सुमारे ९ मायक्रॉन आणि आवरणासह व्यास १२५ मायक्रॉन असतो. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीवर दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल घट होते. म्हणजे पंधरा किलोमीटरनंतरही निम्मी शक्ती शिल्लक राहते. शिवाय काचेला विजेच्या तारेचा उपद्रव होत नाही, आणि जुन्या पेठेतील खांबांवर विजेच्या तारा असतातच.

काच मात्र वळणाला नाजूक असते. तंतू फार आवळून गुंडाळला तर प्रकाश वळणावर आवरणातून बाहेर निसटतो आणि तंतू न तुटताही जोडणी मंदावते. खांबावर उरलेल्या केबलची घट्ट वेटोळी बांधण्याची जी सवय दिसते, तिच्यामुळे नेमके हेच घडते. तुटलेला तंतू जोडण्यासाठी दोन टोके वितळवून सांधणारे स्प्लायसर यंत्र लागते. चिकटपट्टीने काम भागत नाही. तंतू किती अंतरावर तुटला, हे प्रकाशाचा प्रतिध्वनी मोजून ओटीडीआर नावाचे उपकरण सांगते.

घरापर्यंत तंतू नेण्याच्या एफटीटीएच सेवेत बहुधा जीपॉन पद्धती वापरतात. केंद्रात ओएलटी, ग्राहकाकडे ओएनटी आणि मध्ये विजेशिवाय चालणारा स्प्लिटर अशी तिची मांडणी असते. ओएलटीच्या एका द्वारातून उतरत्या दिशेला सुमारे २.४८८ जीबीपीएस आणि चढत्या दिशेला १.२४४ जीबीपीएस मिळतात. स्प्लिटर हाच प्रकाश ३२ किंवा ६४ वाटांत विभागतो. आता साधा भागाकार करू. ३२ पेढ्यांनी एकाच क्षणी पूर्ण वेग मागितला, तर प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे ७८ एमबीपीएस येतील. तरीही त्या ३२ जणांना शंभर किंवा त्याहून जास्त एमबीपीएसच्या योजना विकल्या जातात, आणि यात अप्रामाणिकपणा असतोच असे नाही. सर्व ग्राहक एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत, या गृहीतावर जगातील प्रत्येक जाळे उभे आहे. बँकेतील सर्व ठेवीदार एकाच दिवशी पैसे काढत नाहीत, याच गृहीतावर बँक चालते; अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही तुलना सहज पटेल. किती ग्राहकांमागे किती क्षमता ठेवली, या प्रमाणाला कंटेन्शन रेशो म्हणतात. वर्षातील बहुतेक दिवस या प्रमाणाची जाणीवही होत नाही. सर्व पेढ्यांना एकदमच गर्दी होते अशी धनत्रयोदशीसारखी संध्याकाळ त्या गृहीताची परीक्षा घेते.

बिनतारी वाट आणि तिच्यामागची तार

मोबाइल सेवेत भूप्रदेशाची लहान लहान क्षेत्रांत विभागणी केलेली असते. प्रत्येक क्षेत्राला सेल म्हणतात आणि त्यात एक तळकेंद्र असते. चालत्या ग्राहकाचा संपर्क एका सेलमधून दुसऱ्यात सोपवण्याच्या क्रियेला हँडओव्हर म्हणतात. सेवेसाठी वापरल्या जाणाऱ्या रेडिओ लहरींचा पट्टा म्हणजे स्पेक्ट्रम. तो सरकार लिलावाने देते. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झसारख्या खालच्या पट्ट्यातील लहरी दूर जातात आणि भिंती बऱ्यापैकी ओलांडतात. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात उद्घाटन झालेल्या ५-जी सेवेत वापरला जाणारा ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा क्षमता भरपूर देतो, पण जुन्या जाड भिंती व अरुंद गल्ल्या यांपुढे लवकर दमतो.

बिनतारी सेवा ही फक्त हातातील यंत्रापासून मनोऱ्यापर्यंतच बिनतारी असते. मनोऱ्यापासून पुढे जाळ्याच्या गाभ्यापर्यंतच्या जोडणीला बॅकहॉल म्हणतात. ती तंतूची किंवा सूक्ष्मलहरींची असते. मनोरा उभा, त्याचा दिवा चालू, मोबाइलवर सर्व दांड्या दिसतात आणि तरीही काहीच चालत नाही, तेव्हा अनेकदा बॅकहॉल तुटलेला असतो. त्यापुढचा दीर्घ पल्ला म्हणजे बॅकबोन. रेलटेलचे तंतू लोहमार्गाकडेने जातात आणि पॉवरग्रिडचे उच्चदाब वाहिन्यांच्या मनोऱ्यांवरून; रायपूर हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील शहर आहे.

येथे एका प्रशासकीय वैशिष्ट्याची नोंद घेतली पाहिजे, कारण परीक्षेत त्यावरून गोंधळ होतो. देश दूरसंचाराच्या २२ परवाना-क्षेत्रांत विभागला आहे आणि ही विभागणी राज्यांशी तंतोतंत जुळत नाही. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले; बीएसएनएलचे छत्तीसगड परिमंडळ स्वतंत्र आहे; परंतु परवाना-क्षेत्र म्हणून छत्तीसगड मध्य प्रदेशातच मोडते. म्हणून ट्रायच्या अहवालांतील ‘मध्य प्रदेश’ या ओळीत रायपूरचे मोबाइल ग्राहकही असतात. दर शंभर लोकांमागील दूरध्वनींची संख्या, म्हणजे दूरध्वनी घनता, वाचताना हे ध्यानात ठेवावे. गोंदियाहून राजनांदगावला जाणारा प्रवासी महाराष्ट्र परवाना-क्षेत्रातून मध्य प्रदेश परवाना-क्षेत्रात शिरतो. क्रमांक न बदलता सेवादार बदलण्याची सुविधा, म्हणजेच मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी, २० जानेवारी २०११ पासून देशभर क्षेत्रांतर्गत मिळू लागली. क्षेत्र ओलांडूनही तोच क्रमांक ठेवण्याची मुभा ३ जुलै २०१५ पासून मिळाली.

आता सुरुवातीच्या व्यवहाराकडे वळू. गिऱ्हाईकाने क्यूआर स्कॅन केला. त्या कागदावर पेढीचा यूपीआय पत्ता असतो, एवढेच. विनंती गिऱ्हाईकाच्या मोबाइलमधून त्याच्या सेवादाराच्या मनोऱ्यावर गेली, तेथून बॅकहॉल व बॅकबोनमार्गे त्याच्या अॅपच्या बँकेकडे आणि राष्ट्रीय देयक महामंडळाच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे. तिने गिऱ्हाईकाच्या बँकेला रक्कम वजा करण्यास आणि पेढीच्या बँकेला जमा करण्यास सांगितले. जमा झाल्याची वर्दी साउंडबॉक्सला त्याच्या स्वतःच्या सिमवरून, कदाचित निराळ्याच कंपनीच्या मनोऱ्यावरून आली. या संपूर्ण प्रवासात पेढीने दरमहा पैसे भरून घेतलेल्या तंतूचा कोठेही संबंध आला नाही. साउंडबॉक्स मुका राहिला म्हणून पैसे आले नाहीत, असे समजणे म्हणूनच चुकीचे ठरते. आणि तो बोलत नसताना राउटर बंद-चालू करणे तर निव्वळ व्यर्थ. जानेवारी २०२० पासून यूपीआयवरील व्यापारी शुल्क शून्य करण्यात आले. ज्या वाटेने हे पैसे जातात ती बांधण्याचा व राखण्याचा खर्च मात्र शून्य झालेला नाही, हे कोणत्याही धोरणचर्चेत विसरता कामा नये.

वलय आणि फांदी

जाळ्याच्या मांडणीला टोपोलॉजी म्हणतात. पाठ्यपुस्तकात बस, स्टार, रिंग, ट्री, मेश अशा आकृत्या असतात. त्या आकृत्यांचे खरे महत्त्व तार तुटल्यावर कळते. रिंगमध्ये, म्हणजे वलयात, प्रत्येक केंद्राकडे जाण्याच्या दोन वाटा असतात. एका जागी तुटले तर वाहतूक उलट दिशेने फिरते आणि ग्राहकाला बहुधा पत्ताही लागत नाही. ट्रीमध्ये, म्हणजे फांद्यांच्या मांडणीत, फांदी तुटली की तिच्यावरची सर्व पाने गळतात. शहरातील मोठी केंद्रे सामान्यतः वलयावर असतात. बाजारातील गल्ली जवळजवळ नेहमीच फांदीवर असते.

एक वाट बंद पडल्यास दुसरी तयार ठेवण्याच्या व्यवस्थेला रिडंडन्सी म्हणतात. सावध व्यापारी दोन कंपन्यांच्या जोडण्या घेतो आणि निश्चिंत होतो. दोन्ही केबली एकाच खांबावरून, एकाच वळणाने, एकाच लोखंडी नळीतून पेढीत आल्या असतील, तर त्याने दोन बिले विकत घेतली आहेत, दोन वाटा नव्हेत. नालीच्या कामासाठी आलेले खोदयंत्र किंवा उंच मालमोटारीचा अडकलेला हौदा कंपनीचे नाव वाचून तार तोडत नाही. दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या मोबाइल सेवाही काही वेळा एकाच मनोऱ्यावर आणि एकाच बॅकहॉलवर विसंबलेल्या असतात. स्पर्धा नावांची आहे की वाटांची आहे, हा प्रश्न दूरसंचाराच्या अर्थशास्त्रात फार कमी वेळा विचारला जातो. सरासरी वेगाचे तक्ते आणि कंपन्यांची संख्या पाहून बाजार स्पर्धाक्षम ठरवला जातो. खांब एकच असल्याचे त्या तक्त्यात दिसत नाही.

हाच अनुभव देशाला ग्रामीण जाळ्याच्या बाबतीत मोठ्या प्रमाणावर आला. ग्रामपंचायतींना तंतूने जोडणारी राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत तंतू बहुतांशी सरळ फांदीसारखा गेला होता. एके ठिकाणी खोदकाम झाले की पुढील गावे अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला, त्यात वलयाकार मांडणीचा स्पष्ट स्वीकार करण्यात आला. ‘किती गावे जोडली’ या मोजमापाबरोबर ‘किती गावे जोडलेली राहिली’ हेही मोजावे लागते, ही जाणीव त्यामागे आहे.

खोदण्याचा खर्च

सदर बाजारासारख्या पेठेत दुसरी, खरोखर वेगळी वाट का निर्माण होत नाही? तंतूची किंमत हे त्याचे कारण नाही. खर्चाचा मोठा भाग खोदणे, रस्ता पूर्ववत करणे, परवानगी आणि त्यात जाणारा वेळ यांचा असतो. एकदा चर खोदला की त्यात एक तंतू टाका किंवा शहाण्णव, खर्चात फारसा फरक पडत नाही. आरंभीचा खर्च मोठा आणि पुढील प्रत्येक ग्राहकाचा खर्च अल्प, ही नैसर्गिक मक्तेदारीची लक्षणे आहेत. म्हणून प्रत्येक कंपनीने स्वतंत्र चर खोदणे समाजाच्या दृष्टीने अपव्यय ठरतो आणि सर्वांनी एकाच खांबावर लटकणे धोक्याचे ठरते.

यावर एक उपाय म्हणजे एकाची तार इतरांनाही नियंत्रित दराने वापरू देणे. यालाच लोकल लूप अनबंडलिंग म्हणतात. ट्रायने २००४ मध्ये तशी शिफारस केली होती, परंतु त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणाने ती बंधनकारक केली नाही. आज तांब्याचे महत्त्वच ओसरल्याने तो वाद इतिहासजमा झाला आहे. पण तंतूच्या बाबतीत तोच प्रश्न नव्या रूपात उभा आहे. दुसरा उपाय म्हणजे सामायिक नळमार्ग : नगरपालिकेने रस्ता करतानाच रिकाम्या नळ्या पुराव्यात आणि कंपन्यांनी भाडे भरून त्यातून तंतू ओढावेत. सार्वजनिक जागेतून तार नेण्याच्या हक्काला राइट ऑफ वे, म्हणजे मार्गाधिकार म्हणतात. त्यासाठी २०१६ मध्ये प्रथम केंद्रीय नियम झाले. दूरसंचार अधिनियम, २०२३ खालील नवे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत. खोदण्यापूर्वी जमिनीखालील तारांच्या मालकांना सूचना देण्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप मार्च २०२३ मध्ये सुरू करण्यात आले. नियम दिल्लीत होतात. गल्लीत सकाळी फावडे घेऊन येणाऱ्या मुकादमापर्यंत त्यांची वार्ता पोहोचणे हा वेगळाच अखेरचा टप्पा आहे.

तक्रार कोठे करावी

ट्राय ही संस्था १९९७ मध्ये स्थापन झाली. ती नियम करते व सेवेच्या गुणवत्तेचे निकष ठरवते. एकेका ग्राहकाची तक्रार ती निकालात काढत नाही. ग्राहकाने प्रथम सेवादाराच्या तक्रार केंद्रात नोंद करून डॉकेट क्रमांक घ्यावा आणि समाधान न झाल्यास त्याच सेवादाराच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जावे, अशी द्विस्तरीय व्यवस्था २०१२ च्या विनियमांनी घालून दिली आहे. दूरसंचार तंटे निवारण व अपील न्यायाधिकरण २००० च्या दुरुस्तीने अस्तित्वात आले. मात्र एकट्या ग्राहकाच्या तक्रारी त्याच्या कक्षेत येत नाहीत. असा ग्राहक जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. वायरलाइन, मोबाइल व ब्रॉडबँड या तिन्ही सेवांचे गुणवत्ता निकष एकत्र करणारे ट्रायचे विनियम १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आले.

तक्रार नोंदवताना ‘नेट गेले’ एवढेच लिहिले, तर समोरची व्यक्ती राउटर बंद करून चालू करण्यास सांगते आणि अर्धा दिवस त्यातच जातो. ओएनटी पेटीवर ‘लॉस’ नावाचा एक दिवा असतो. ती ‘सिग्नल मिळत नाही’ या अर्थाची आद्याक्षरे आहेत. हा दिवा लाल असेल तर प्रकाशच येत नाही, म्हणजे बिघाड पेढीबाहेर आहे. तो बंद आहे, पण एकही संकेतस्थळ उघडत नाही, तर दोष डीएनएस, राउटर किंवा सेवादाराच्या पुढील जाळ्यात शोधावा. शेजारच्या दोन पेढ्यांवरही तोच दिवा लाल असेल, तर फांदी तुटलेली आहे. एकट्याचाच लाल असेल, तर स्प्लिटरपासून पेढीपर्यंतचा धागा. दिव्याचा रंग, बंद पडल्याची वेळ आणि शेजाऱ्यांची स्थिती या तीन गोष्टी तक्रारीत लिहिल्या, की येणारा कर्मचारी नवा राउटर घेऊन येण्याऐवजी स्प्लायसर आणि शिडी घेऊन येतो.